उर्फच्या पुढचं नाव

माझ्या दोन मावश्या सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, आमच्या गावच्या लालबागेत एका घरात राहतात. थोरली मराठी शाळेत शिकवत होती. आता सत्तरी ओलांडली, पण शेजारच्या पोरांच्या वह्यांतले काने-मात्रे दुरुस्त करायची खोड गेलेली नाही. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ झालं नाही. धाकटी लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली ती आलीच. तेव्हापासून ती साड्यांना फॉल लावते, पिको करते, आणि थोरलीवर बारीक नजर ठेवते. घर थोरलीनं स्वतःच्या पगारातून बांधलं. मधली बहीण म्हणजे माझी आई. ती आता नाही. त्यामुळे दोघींची मी एकुलती भाची. लोधीपुऱ्यातून ऑटो करून दर रविवारी जाते आणि दोघींची बोलणी खाऊन, वर जेवून परत येते.

मागच्या दिवाळीनंतर थोरलीच्या नवऱ्याचा पुतण्या भेटायला आला. माणूस वाईट नाही. येताना मिठाईत दराबा घेऊन आला, पाया पडला, चहा घेतला. जाताना अंगणात उभा राहून त्यानं घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काकू, घर एकदम मेंटेन ठेवलंय हां. शेवटी आपलंच आहे."

तो गेला. धाकटी कपबशा विसळायला आत गेली. थोरली पायरीवर बसून राहिली आणि मला म्हणाली, "आपलंच म्हणजे कोणाचं गं?"

मी म्हटलं, "बोलायची पद्धत असते, मावशी."

"सर्वनाम आहे ते. सर्वनाम कोणाबद्दल आलंय हे विचारायला लागतं."

त्या दिवसापासून तिनं अभ्यास सुरू केला. अभ्यास हाच शब्द बरोबर आहे. वकिलाकडे चल म्हटलं तर म्हणाली, "माझ्याच वर्गातला एक आहे वकील. त्याला 'आशीर्वाद' लिहिता येत नव्हतं. आधी मी शिकते, मग अडलं तर विचारू." सकाळी पूजा झाली की चष्मा लावून मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायची. एक ऐकला की तोच पुन्हा. मी रविवारी गेले की माझी परीक्षा. नॉमिनी म्हणजे मालक का? मी ऐटीत म्हटलं, हो. "चूक. नॉमिनी म्हणजे सांभाळून देणारा. मालक वारसच." मी एका पॉवरलूमवाल्याच्या ऑफिसात आयुष्य घालवलंय, रोज कागदांशीच मारामारी असते, आणि एवढंही मला ठाऊक नव्हतं.

मग एका रविवारी तिनं मला कायदा वाचून दाखवला. मूल नसलेली विधवा बाई कागद न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिची सख्खी बहीण रांगेत कुठेतरी मागे उभी. म्हणजे उद्या थोरलीचं काही झालं, तर धाकटी ज्या घरात इतकी वर्षं चूल पेटवते आहे, तिथे तिला कोणीही सांगू शकणार, आता निघा.

माझं डोकं फिरलं. नवऱ्याची माणसं विटा वाहायला आली होती का, असं मी मोठ्यांदा म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोरली शांतपणे ऐकत होती.

"झालं चिडून? आता पुढचं वाच. कागद केला तर यातलं काहीच लागू होत नाही. साधा कोरा कागद, हातानं लिहिलेला, दोन साक्षीदार. स्टॅम्पसुद्धा लागत नाही. एवढं सोपं आहे, आणि बायका करत नाहीत." तिच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्यावर येतो तसा आनंद होता. मला तिचा हेवा वाटला. या वयात इतकं नवं शिकायची भूक मला राहील की नाही, देव जाणे.

त्या कागदाला काय म्हणायचं यावर घरात दोन दिवस वाद झाला. मृत्युपत्र हा शब्द धाकटीला नको होता. "देवापाशी बसून मरणाचं कायले ल्हितात?" गावात सगळे वसीयत म्हणतात, पण तो शब्द ऐकला की थोरलीला सिनेमातला हवेलीवाला म्हातारा आठवे. शेवटी इच्छापत्रावर तडजोड झाली. पहिला मसुदा मराठीत करायचा, मग सरकारी ऑफिसात अडायला नको म्हणून पक्का हिंदीत उतरवायचा, असं ठरलं.

पहिला मसुदा तिनं मला वाचायला दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुरेख पत्र होतं ते. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीला या घरात सुखाने राहू द्यावे, सर्वांनी तिला प्रेमाने सांभाळावे.' मी वाचून तिच्याकडे पाहिलं, तर ती लाल पेन हातात घेऊन बसलेली.

"रडू नको. सगळं चुकलंय. 'द्यावे' म्हणजे काय? विनंती. सांभाळावे ही पण विनंती. ज्याला नाही सांभाळायचं तो नाही सांभाळणार. आपल्याला सवयच तशी, हक्काचं मागतानाही हात जोडायचे." तिनं दोन्ही ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं, 'हे घर मी माझ्या धाकट्या बहिणीला संपूर्ण मालकी हक्काने देते.' मग 'देते' या शब्दाखाली रेघ मारली. आयुष्यभर पोरांना क्रियापदाचे स्वार्थ आणि विध्यर्थ शिकवले, त्याचा असा उपयोग होईल हे तिलाही वाटलं नसेल.

साक्षीदारांवरून मात्र रुसवाफुगवी झाली. तिची शाळेतली मैत्रीण, तिच्याच वयाची, आपणहून म्हणाली, मी येते सहीला. थोरली म्हणाली, "तू नको. साक्षीदार माझ्यापेक्षा तरणा पाहिजे. मी गेल्यावर सांगायला जिवंत पाहिजे ना कोणीतरी." मैत्रीण पंधरा दिवस बोलली नाही. मीही साक्षीला नको, कारण सगळं पार पाडायचं काम माझ्यावर टाकलेलं. धाकटी तर नकोच. जिला मिळायचं तिची सही दिसली की शंकेला जागा. शेवटी समोरच्या घरातले नवरा-बायको ठरले. दोघं चाळिशीतले, धडधाकट, आणि मुख्य म्हणजे भांडखोर. "कोर्टात उभे राहतील," थोरली समाधानानं म्हणाली.

सगळं जमत आलं आणि एका शब्दावर अडलं.

मी म्हटलं, "धाकट्या मावशीचं आधार दे. त्यावर आहे तसंच नाव कागदात पाहिजे."

थोरलीचा चेहरा एकदम बंद झाला.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. थोरलीला मिळालेलं नाव तिनं आनंदानं वापरलं, नवरा भला होता. धाकटीला मिळालेलं नाव ती सासरहून परत आली त्या दिवशी माझ्या आजोबांनी घरातून हद्दपार केलं. का परत आली ते मला पुरतं कोणी सांगितलं नाही, आणि अंगावरच्या खुणा पाहिलेल्या माझ्या आईनं विचारूही दिलं नाही. त्या नावानं कोणी हाक मारायची नाही, ते उच्चारायचं नाही. साऱ्या लालबागेत ती माहेरच्या नावानं ओळखली जाते. पण मतदार यादीत सासरी असताना जे नाव चढलं तेच पुढे सरकत गेलं, आणि आधार त्यावरून निघालं. शाळेचा दाखला कधीच वाळवीनं खाल्ला. म्हणजे माहेरच्या नावाची बाई सरकारच्या लेखी नाहीच. बँकेचं काय काम असेल तर धाकटी आधारचं पाकीट बंदच थोरलीच्या हाती देते, आणि फॉर्म तिथला कारकून भरतो.

"ते नाव माझ्या कागदावर येणार नाही," थोरली म्हणाली.

मी समजावलं. उद्या पुतण्या म्हणेल, अशी कोणी बहीणच नाही, दाखवा आधार. मग तुझ्या 'देते'चं काय करायचं? ती ऐकेना. नाव बदलून घेऊ म्हणाली, शपथपत्र करू, पेपरात जाहिरात देऊ. मी म्हटलं, जाहिरातीत तर ते नाव सगळ्या गावासमोर छापून येईल. त्यावर ती माझ्यावरच खेकसली. इतका अभ्यास केलेली बाई एका नावापाशी हट्टी पोरासारखी बसून राहिली, आणि मला राग येण्याऐवजी तिच्याबद्दल माया दाटून आली. बहिणीच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून तिचा हा सगळा खटाटोप, आणि त्याच बहिणीला दुखवणार नाही म्हणून तो खटाटोप वाया घालवायलाही ती तयार.

तीन-चार रविवार असेच गेले. कागद टेबलावर, त्यावर चष्म्याची डबी.

मग एका दुपारी आम्ही दोघी पुन्हा त्यावरूनच हुज्जत घालत होतो. आत मशीन चालू होतं. ते थांबलं. धाकटी बाहेर आली, खांद्यावर कोणाची तरी हिरवी साडी तशीच. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं.

"काय भांडून राहिल्या दोघी? ल्ही ते नाव."

"नाही लिहिणार," थोरली म्हणाली.

"ताई, त्या नावाचं भ्याव तुले आहे. मले नाई. मी रोज एकटी असली की म्हणून पाहते, काई होत नाई." आणि तिनं ते नाव घेतलं. स्पष्ट, सावकाश, दुकानात कापडाच्या वाणाचं नाव सांगावं तसं.

मी ते पहिल्यांदाच ऐकलं. साधं, गोड नाव होतं.

थोरलीनं पेन उचललं. माहेरचं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्यापुढे तिनं 'उर्फ' लिहिलं, हा शब्द हिंदीतही तोच, आणि मग ते नाव लिहायला घेतलं. धाकटीनं वाकून पाहिलं.

"ताई, वेलांटी चुकली. दुसरी पाहिजे."

जन्मात शुद्धलेखन न चुकलेल्या बाईची चूक निघाली होती. इतक्या वर्षांत तिनं ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं. वेलांटी सुधारताना तिच्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडेल म्हणून धाकटीनं त्या परक्याच्या साडीचाच पदर पुढे केला.

मी आधार हातात घेऊन अक्षरं पडताळत होते. नावाखाली लिहिलं होतं, पत्नी, आणि पुढे त्या माणसाचं नाव. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घटस्फोट झालेलाच नव्हता. कोर्टाची पायरी कोण चढणार म्हणून तेव्हा राहून गेलं. त्यानं दुसरा संसार मांडला, पण कायद्यानं तो अजून नवरा होता.

"मावशी," मी थोरलीला म्हटलं, "तुझ्यानंतर घर हिचं. हिच्यानंतर?"

तिला कळायला वेळ लागला नाही. कायदा तिनंच मला शिकवला होता. मूल नसलेल्या बाईच्या घरावर पहिला हक्क नवऱ्याचा, तो जिवंत असेल तर. ती खुर्चीत मागे रेलली. "म्हणजे मी हे त्याच्यासाठी करून राहिले?"

धाकटीला मी सोप्या शब्दांत सांगितलं. ती रडेल, निदान हबकेल असं मला वाटलं. तिनं खांद्यावरची साडी नीट घडी करून बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर हात केला.

"एक कोरा कागद दे मले."

थोरली म्हणाली, "थांब, मी लिहून देते, तू उतरवून काढ."

"नको. माह्या हातानं."

तिनं लिहायला घेतलं. अक्षर मोठं, ओळी चढत गेलेल्या, हिंदी-मराठी मिसळलेलं. घर ज्या दिवशी तिचं होईल त्या दिवसानंतरची मालकी कोणाला, असं मी विचारलं. "तुले. अजून कोण आहे?" ती मान वर न करता म्हणाली.

स्वतःचं नाव तिनं पूर्ण लिहिलं, माहेरचं, उर्फ, आणि मग ते, त्या माणसाच्या नाव-आडनावासकट. मी म्हटलं, "बस, इतकं पुरे." पण तिला अजून एक ओळ लिहायची होती. परत आल्यापासून त्या माणसाबद्दल तिच्या तोंडून वाईट शब्द गेला नव्हता, आणि चांगलाही नाही. तिनं पेन दाबून लिहिलं, आणि थोरलीकडे कागद सरकवून म्हणाली, "वाच बरं, काना-मात्रा बरोबर आहे का."

थोरलीनं मोठ्यानं वाचलं, "माझ्या नवऱ्याला मी काही देत नाही."