मास्तरांची वालधुनी, आम्ही गेटवर

नवरदेवाचा मामा नाचत नाचत माझ्यासमोर आला. हातात बिअरची बाटली. उल्हासनगरातल्या बाजाराच्या रस्त्यावर वरात अडकली होती, ऊन डोक्यावर होतं आणि मी सॅक्सोफोन वाजवत होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. आत नुसता घाम.

"अरे, इसको भी पिला!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बाटली सरळ सॅक्सच्या भोंग्यात ओतली.

खालचे सूर गुरगुरायला लागले. फेस वर आला, माझ्या कोटावर सांडला. लोक हसले. पोरींनीही मोबाइल काढले. बँडचा मालक, आम्ही त्याला शेठ म्हणायचो, मागून ओरडला, "थांबू नको! वाजव, वाजव!"

मी वाजवलं.

माझ्या शेजारी सुदाम मास्तर ट्रम्पेटवर होते. त्यांनी सगळं बघितलं. त्यांची मान खाली गेली. ट्रम्पेट खाली आली नाही.

मास्तर कोण होते ते सांगायला पाहिजे. कारण आता बरेच जण सांगतात, आणि चुकीचं सांगतात.

अंबरनाथच्या आमच्याच वस्तीतले. तरुणपणी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत ट्रम्पेट वाजवायचे, अगदी मागच्या रांगेत. तिथे गोव्याच्या वादकांनी त्यांना जॅझच्या रेकॉर्डी ऐकवल्या. मोठमोठे बँड, पंधरा-सोळा फुंकणारे, आणि प्रत्येकाला वेगळं काम. मास्तर म्हणायचे, "मी तेव्हा वेडा झालो, बाय. इतकी माणसं एकत्र वाजवतात आणि कुणीच कुणाला दाबत नाही." मग स्टुडिओत एकटा कीबोर्डवाला सगळ्यांचं काम करू लागला. मास्तर परत आले ते शेठच्या लग्नाच्या बँडमध्ये.

पण डोक्यातलं काही गेलं नाही. चातुर्मासात लग्नं नसतात. बँडवाला घरी बसतो, नाहीतर बिगारीला जातो. त्या महिन्यांत मास्तर आम्हा सगळ्यांना समाजमंदिरात जमवायचे. बदलापूर गावातून ट्रॉम्बोनवाले दोघे भाऊ यायचे, वांगणीहून ड्रमवाला. मास्तर रात्रंदिवस बसून प्रत्येकाचा पार्ट वेगळा लिहायचे. आमच्यातल्या निम्म्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. त्यांना ते तोंडाने गाऊन शिकवायचे. ट्रॉम्बोनचा पार्ट गायला लागले की गालांचे फुगे व्हायचे आणि आम्ही हसून लोळायचो.

माझा बाप त्याच बँडात साइड ड्रम वाजवायचा. तो गेल्यावर शेठने मला ठेवून घेतलं. दया म्हणून नाही. बॅनरवर 'लेडीज सॅक्स' लिहिलं की बुकिंग वाढतं म्हणून. सॅक्स शेठचा होता. कोट शेठचा. वाजवायला मात्र मास्तरांनी शिकवलं. बरोबर वाजलं की काही बोलायचे नाहीत, नुसते डोळे मिटायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी मी ओठ फुटेपर्यंत सराव केलाय.

त्यांची स्वतःची एक रचना होती. नाव 'वालधुनी'. आमच्या नदीवर. जीन्सच्या कारखान्यांच्या रंगाने कधी निळी, कधी काळी वाहणारी ती नदी आम्ही लहानपणापासून नाक दाबून ओलांडत आलो. मास्तरांनी तिच्यावर संगीत केलं. सुरुवात ट्रॉम्बोनची, जड, गाळातून पाय उचलल्यासारखी. मग एकेक जण उभा राहायचा आणि एकटा वाजवायचा. बाकीचे बसून त्याला साथ करायचे. माझी पाळी शेवटी. मास्तरांचा नियम होता, उभं राहताना मान वर पाहिजे. "इथे तू कुणाच्या घोड्यापुढे चालत नाहीयेस," म्हणायचे.

म्हणूनच त्या दिवशी मला राहवलं नाही. वरात हॉलवर पोचली, आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसलो. मास्तर माझा सॅक्स मांडीवर घेऊन बटणांखालचे भिजलेले पॅड टिपत होते.

"मास्तर, तुम्ही थांबला का नाहीत?"

ते टिपत राहिले.

"थांबलो असतो तर उद्या सगळी माणसं घरी बसली असती, बाय."

"आणि मी?"

पुढचं पॅड फडक्याने दाबत म्हणाले, "माझा राग मी कागदावर लिहितो."

तेव्हा मला ते वाक्य फार मोठं वाटलं होतं. मी रडले होते.

गेल्या वर्षी मास्तर गेले. छातीत दुखलं आणि संपलं. आम्ही अंत्ययात्रेत वाजवलं. शेठ हार घालून गेला.

मग कुणीतरी समाजमंदिरातली तालीम मोबाइलवर टाकली होती ती पसरली. वांगणीजवळ फार्महाउस असलेले एक डॉक्टर शेठकडे आले. जॅझचे शौकीन. बोलायला अतिशय गोड. मास्तरांच्या स्मरणार्थ कार्यक्रम करायचा म्हणाले, 'वालधुनी' वाजवायची, आणि मूळ बँड पाहिजेच. काकूंकडून, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडून, सगळे पार्ट त्यांनी हात जोडून मागून नेले. काकूंनी दिले.

आम्ही महिनाभर तालीम केली. कुणी बिगारी सोडून आला, कुणी रिक्षा उभी ठेवून. मी घरून साडी नेसून निघाले होते, मास्तरांना आवडायची ती पांढरी. शेठने टेम्पोत कोट टाकले. "ड्रेस पाहिजे बोललेत."

हिरवळीवर स्टेज. अर्धगोलात खुर्च्या, प्रत्येकीपुढे स्टँड, स्टँडवर मास्तरांच्या अक्षरातल्या पार्टची झेरॉक्स. मी माझी खुर्ची शोधली. बसणार, तेवढ्यात एक व्यवस्थापक मुलगी धावत आली.

"अहो, तिथे नाही, तिथे नाही! तुमचं गेटवर आहे. गाड्या आल्या की वाजवायचं. काहीतरी फुल टू बारात टाइप."

"आणि वालधुनी?"

"ती मुंबईचे आर्टिस्ट वाजवणार ना."

आम्ही शेठकडे बघितलं. त्याने तोंड फिरवलं. त्याला ठाऊक होतं.

आम्ही गेटवर गेलो. हो, गेलो. साडीवर लाल कोट घातला आणि वाजवलं. एकेक गाडी येत होती, काच खाली होत होती, फोटो निघत होते. "सो ऑथेंटिक," एक बाई म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. कोटाकडे बघून.

मग आम्हाला गप्प राहायला सांगितलं आणि आतून वालधुनी सुरू झाली. आम्ही बाहेर उभे. ट्रॉम्बोनवाल्या धाकट्या भावाचा हात स्वतःच्या मांडीवर पुढेमागे सरकत होता. माझी जागा आली. कुणीतरी वाजवली. वाईट वाजवली असती तर बरं झालं असतं. चांगली वाजवली.

टाळ्या संपल्यावर स्पीकरवर डॉक्टरांचा आवाज आला. "सुदाम मास्तरांचा मोठेपणा काय होता? एवढी गुणवत्ता, पण कधी तक्रार नाही. कधी आवाज चढवला नाही. समाजाने जे दिलं ते हसतमुखाने स्वीकारलं. आजच्या काळात अशी नम्र माणसं राहिली नाहीत."

पुन्हा टाळ्या. या टाळ्या मघापेक्षा मोठ्या होत्या.

ते मास्तरांच्या संगीताला हार घालत नव्हते. खाली गेलेल्या मानेला घालत होते. त्यांना मास्तर आवडले होते, कारण मास्तर थांबले नव्हते. आणि मास्तरांचा राग? तो तर आत्ता त्यांनी ऐकला. वाइन पीत, पायाने ठेका धरत.

"बँडच्या मंडळींनाही बोलवा," डॉक्टर म्हणाले. "फोटो घेऊ. टोप्या असू द्या."

आम्ही स्टेजवर गेलो. काकू पहिल्या रांगेत शाल घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी माइक माझ्यापुढे धरला. "तुम्ही त्यांच्या शिष्या ना? दोन शब्द."

मी टोपी काढली.

"मास्तर नम्र नव्हते," मी म्हटलं. "त्यांच्यावर माणसांची पोटं होती म्हणून ते गप्प होते. त्यांना तुमच्यासारख्यांनी गप्प ठेवलं. हे संगीत त्यांनी आमच्यासाठी लिहिलं. ज्यांच्यासाठी लिहिलं ते आज गेटवर होते."

डॉक्टरांचं हसू तसंच चिकटून राहिलं. "भावना समजू शकतो आम्ही," ते म्हणाले आणि माइक मागे घेतला.

काकूंनी पुढे येऊन माझा हात धरला. "बाय, गप. त्यांचं नाव तरी घेतायत ना."

ते सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्यावर मला रागावताही येईना.

शेठ दातओठ खात म्हणाला, "सॅक्स ठेव आणि नीघ."

मी गळ्यातला पट्टा सोडला. ओठाला अजून रीडची, फुंकायच्या त्या वेताच्या पट्टीची, चव होती. सॅक्स खुर्चीवर ठेवला, कोट काढून त्याच्या शेजारी. पांढऱ्या साडीत गेटबाहेर पडले. माझ्यामागे कुणी आलं नाही. मी मागे वळून बघितलं होतं.

आता उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. बोटं निळी होतात. ओठ नरम पडत चाललेत, हे रोज कळतं. फुंकायला काही नाही. नवा सॅक्स घेणं माझ्या आवाक्यात नाही.

परवा शेठ घरी आला. दारातच उभा राहिला.

"सीझन तोंडावर आलाय. लोक लेडीज सॅक्स विचारतात. डॉक्टरांना फोन करून सॉरी बोल, विषय संपला. तुझा सॅक्स तसाच ठेवलाय मी."

सॅक्स म्हटल्यावर माझी जीभ आपोआप टाळूला लागली, फुंकायच्या आधी लागते तशी. मी खोटं कशाला सांगू.

"सॉरी नाही बोलणार," मी म्हटलं. "ते पार्ट काकूंचे आहेत. झेरॉक्स नाही, मूळचे. आधी ते परत आणून द्या."

"बँडचं बोल. येतेस का नाही?"

"नाही."

"मग काय, जन्मभर धागे कापत बसशील?"

"बसेन," मी म्हटलं. "गेटवर उभी राहणार नाही."