खरवडलेले चार ठिपके

कार्यशाळेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सहा दिवसांचे सहा वक्ते होते. पाच जणांच्या नावापुढं पदव्या होत्या. चौथ्या दिवसासमोर एवढंच होतं: ‘आलेख व अक्षरलेखन, दुपारी दोन ते पाच, स्थानिक पेंटर.’

मी ती पत्रिका पहिल्या दिवशी सकाळी वाचली आणि दुपारपर्यंत पत्रक काढलं.

पत्रक काढणं आमच्या घरात नवं नव्हतं. माझे वडील कोल्हापुरातल्या एका लहान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मोर्चा कुणाचाही असो, पत्रक त्यांच्या हाताखालून जायचं. मी बाराखडी गिरवली ती वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीवर. पुढची बाजू वाचायला शिकले तेव्हा कळलं की जगात बरंच काही चुकीचं आहे आणि त्याबद्दल कुणीतरी सतत लिहीत असतं. वडिलांचा नियम होता, एका पत्रकात एक मागणी. शंका असेल तर ती घरी ठेवायची. ‘कदाचित’ हा शब्द जुळवायला आपल्याकडं खिळेच नाहीत, असं ते म्हणायचे.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता गूळ. पावसाळ्यात काही गुळाच्या ढेपा पाझरतात, काही कोरड्या राहतात. असं का? उकळताना गुळातली थोडी साखर फुटून वेगळ्या साखरेत बदलते. ही फुटकी साखर जितकी जास्त, तितकी ढेप हवेतलं पाणी जास्त ओढते, असं माझं म्हणणं. त्यासाठी मी गुऱ्हाळांवरून चाळीस नमुने गोळा केले होते.

अशा आम्हा चौदा संशोधक विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठानं ती कार्यशाळा ठेवली होती. आमच्याकडं तेव्हा कुणी कुणाला काही शिकवत नसे. संपादकाला पत्र कसं लिहायचं, नोंदवही कशी ठेवायची, लोकांसमोर उभं कसं राहायचं, हे ज्यानं त्यानं बघून बघून उचलायचं. त्यामुळं मला त्या सहा दिवसांचं विलक्षण कुतूहल होतं. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेच्या प्रमुखांनी आम्हाला एकमेकांच्या वह्या दिल्या आणि सांगितलं, यावरून समोरच्याचा प्रयोग करून दाखवा. माझी वही गारगोटीच्या माझ्या मैत्रिणीकडं गेली. दहा मिनिटांत तिनं हात टेकले.

“‘थोडा वेळ ढवळले’ म्हणजे किती गं? चहाएवढं की आमटीएवढं?”

सगळे हसले. मीही हसले, आणि मग विचारात पडले, कारण उत्तर मलाही सांगता येईना.

सहाव्या दिवशी प्रत्येकानं आपलं काम आलेखासह दहा मिनिटांत मांडायचं होतं. ज्याचं सगळ्यात चांगलं, त्याला बंगळूरच्या परिषदेला पाठवणार होते. मला तिथं जायचंच होतं. पुण्यापलीकडचं जग मी पाहिलं नव्हतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची मुलगी तिथं उभी राहून गुळावर बोलेल, या कल्पनेनं वडील आठवडाभर आधीच हरखून गेले होते.

माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं ‘श्रमाला नाव द्या!’ स्टेन्सिलवर स्वतःच्या हातानं कोरून, सायक्लोस्टाइल करून मी ते सगळ्यांच्या हातात दिलं. प्रमुखांनी मला बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले.

“मागणी रास्त आहे,” ते म्हणाले. “पण अहो बाई, नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी केलं असतं की.”

आणि त्यांनी पेन काढून सगळ्या पत्रिकांवर पेंटरचं नाव हातानं लिहिलं. मला जिंकल्यासारखं वाटलंच नाही. भांडण न होता मागणी मान्य झाली की काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पेंटर आले. पंचावन्न-साठीचे, पांढरा पायजमा, नखांच्या कडांना निळा रंग. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी आणि सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. त्याच हातानं ते प्रबंधांचे आलेखही शाईनं काढून देत. सगळे त्यांना चाचा म्हणत.

“या इमारतीतले निम्मे डॉक्टर माझ्या हाताखालनं गेल्यात,” त्यांनी सुरुवात केली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. “हे कुणी लिवलंय?”

“मी, चाचा.”

“मजकूर ब्येस हाय. नाव छापलं न्हाय म्हणून माझ्यासाठी आजवर कोण भांडलं न्हवतं. पण पोरी, तुझी समदीच अक्षरं वरडाय लागल्यात की. समदी एकदम वरडली तर माणसानं ऐकायचं कुणाचं?”

मैत्रिणीनं मला कोपर मारलं. मी कान लाल करून बसले.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. पेन कागदाला किती उभं धरायचं. रेघ ओढताना श्वास धरायचा आणि रेघ संपली की सोडायचा. ठिपका काढताना पेन टेकवून उचलायचं, फिरवायचं नाही. आकड्याच्या आधी डोळ्याला विसावा मिळेल एवढी जागा सोडायची. मी तोवर समजत होते की आलेख हा आकड्यांचा असतो. चाचांकडं बघताना कळलं की तो बघणाऱ्याच्या डोळ्यांचाही असतो. मी एकामागून एक प्रश्न विचारत होते आणि ते एकालाही कंटाळत नव्हते.

मग त्यांनी प्रत्येकाला आपापला आलेख पुरा करायला सांगितलं. माझा ट्रेसिंग पेपरवर जवळजवळ तयार होता. आडव्या अक्षावर फुटकी साखर, उभ्या अक्षावर ढेपेनं ओढलेलं पाणी. डावीकडून उजवीकडं चढत जाणारी सरळ रेघ आणि तिच्या अंगाला बिलगून ठिपके. राहिलं होतं फक्त शीर्षक. वरचा डावा कोपरा रिकामा होता. मी तिथं अक्षरं काढायला लागले.

तिसऱ्या अक्षराशी शाई फुटली. कोळ्याच्या पायांसारखे बारीक धागे बाहेर पसरले. दोन अक्षरं नीट आली, पुन्हा एक फुटलं. मग आणखी एक.

“कागद खराब आहे,” मी म्हणाले.

चाचा आले. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. फुटलेल्या तीन अक्षरांखाली तीन पातळ डाग चमकत होते आणि जरा खाली, मोकळ्या जागेत, चौथा.

“कागद बरा हाय. ब्लेडनं खरवडलंय हितं,” ते म्हणाले. “चार जागी. काय हुतं?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. पाटी रंगवताना खाली जुना कुठला रंग आहे हे विचारावं, तसं त्यांनी विचारलं. त्यामुळंच मला खोटं बोलता आलं नाही.

“ठिपके,” मी म्हणाले. “चार नमुने. त्यांच्यात फुटकी साखर कमी होती, तरी पाणी खूप ओढलं त्यांनी. रेघेत बसत नव्हते.”

“का बसत न्हवते?”

“माहीत नाही. काहीतरी चूक झाली असेल मोजताना.”

“चारी येळंला?”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“आता बघ. खरवडलं की कागदाचं तंतू उभं ऱ्हात्यात, म्हणून शाई फुटती. खरवडल्यावर नखानं घोटायचं. असं. मग फुटत न्हाय आणि कुणाला दिसतबी न्हाय.” त्यांनी दुसऱ्या एका तुकड्यावर खरवडून, घोटून, वर अक्षर काढून दाखवलं. अक्षर स्वच्छ आलं. “झाकायचं असंल तर हे असं. दाखवायचं असंल तर ठिपका परत दे. माझं काम दोनी शिकवायचं. तुला कुठलं पायजे ते तू बघ.”

आणि ते पुढच्या बाकाकडं गेले.

मी तो तुकडा घेऊन स्वतः घोटून बघितलं. जमलं. पहिल्याच खेपेला जमलं. मला खरी भीती तेव्हा वाटली. लबाडीला ताकद लागते, पैसा लागतो, खुर्ची लागते, असं मी पत्रकांत वाचत आले होते. इथं तर एक नख पुरत होतं, आणि ते माझं होतं.

“घोट की,” मैत्रीण हळू आवाजात म्हणाली. “चाळिसातले चार. कोण विचारतंय?”

कुणी विचारणार नव्हतं, हे खरंच होतं. ते ठिपके खरवडताना मी बंगळूरचा विचार केला होता, हे कबूल करते. पण त्याहून जुनी एक सवय हात चालवत होती. एका पत्रकात एक मागणी. शंका घरी ठेवायची. ज्या नियमानं माझ्यासारख्या पत्रकवाल्या पोरीला अन्यायाशी भांडायला शिकवलं, त्यानंच मला चार नमुने गायब करायला शिकवलं होतं, आणि दुसऱ्याचं नाव गाळलं म्हणून मी तीनच दिवसांपूर्वी गावभर ओरडले होते.

मी कोरा ट्रेसिंग पेपर मागून घेतला. पाच वाजून गेले तरी बसून पुन्हा सगळे ठिपके काढले. चाळीस. ते वरचे चार मी जरा बारीक काढायला लागले, तेव्हा मागून आवाज आला.

“बाकीच्याएवढंच काढ. लाजल्यागत नको.”

शीर्षक खाली गेलं.

सहाव्या दिवशी मी उभी राहिले. परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते. माझं संपल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, “रेघ छान आहे. हे चार तेवढे आलेखाचं सौंदर्य घालवतात. काढून टाकले असते तर?”

“काढले होते, सर,” मी म्हणाले. “परत बसवलेत.”

मागं हशा पिकला. प्राध्यापक हसले नाहीत. “मग त्यांचा अर्थ काय?”

“माहीत नाही.”

एवढ्या लोकांसमोर हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बोलून झाल्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून तशीच उभी राहिले. “शोधणार आहे,” असं नंतर जोडलं, पण तोवर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं होतं.

बंगळूरला गारगोटीची मैत्रीण गेली. तिचं काम चांगलंच होतं. मला वाईट वाटलं आणि घरी सांगताना जास्त वाटलं. वडिलांनी ऐकून घेतलं. बोटांवरची शाई कापडाला पुसली. मग म्हणाले, “चार होते?” मी हो म्हटलं. “मग चार छापायला हवेत,” एवढंच बोलले.

रविवारी मी वही उघडली. ते चार नमुने वेगवेगळ्या पानांवर होते, त्यामुळं आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. चारही एकाच गुऱ्हाळाचे होते, कोडोलीच्या पुढच्या गावातले. मी एसटीनं गेले. गुऱ्हाळाचे मालक मला ओळखत नव्हते, नमुने नेले तेव्हा ते तिथं नव्हते; त्यांच्या गुळाचं काय निघालं ते मी सांगितलं.

“काय पावणं, आमच्या गुळाला पाणी सुटतंय ह्ये सांगाय एवढ्या लांबनं आला व्हय?”

“का सुटतं, ते विचारायला आले.”

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. मग चप्पल पायात सरकवली.

“चला, रान दावतो. वड्याच्या अंगाला उन्हाळ्यात पांढरं फुटतंय मातीवर. खारवट हाय ती पट्टी. तितलाच ऊस असतोय आमच्या गुऱ्हाळाच्या ह्या चुलवणाला.”

म्हणजे मीठ. साखरेखेरीज आणखी काहीतरी पाणी ओढत असेल. असेल म्हणते, कारण त्या दुपारी मला काहीच नक्की माहीत नव्हतं आणि गंमत म्हणजे त्याचा त्रासही होत नव्हता. ओढ्याच्या कडेला मी खाली वाकले, बोटानं माती उकरली, चाटून बघितली. खारट लागली.

“आवं, माती खाताय व्हय!” मालक ओरडले.

माती न्यायला सोबत काही आणलं नव्हतं. पिशवीत तळाशी उरलेली पत्रकं होती. दोन पत्रकांच्या पुड्या केल्या, एकीत ओढ्याकडची माती, दुसरीत वरच्या रानातली. कुठली माती कुठली ते पुड्यांवर बारीक अक्षरात लिहिलं, आणि परतीच्या गाडीत त्या मांडीवर धरून बसले.