पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

एकोणीस वर्षांपूर्वी व्हर्ना स्टिडमनं ते छोटंसं पिस्तूल घेतलं, ते दुकानातलं सगळ्यात स्वस्त होतं म्हणून. केंटकीतल्या तिच्या गावच्या नेमबाजी क्लबात तेव्हापासून त्याची टिंगल चालू होती. इतरांची महागडी पिस्तुलं शनिवारच्या स्पर्धेत ऐन वेळी रुसायची. हिचं कधी अडलं नाही. मध्ये एक स्प्रिंग बदलली, रंग उडाला, एवढंच.

"हे पिस्तूल आहे की दाराला लावायचा दगड?" म्हातारा डेलबर्ट विचारायचा.

"त्याच दगडानं मागच्या खेपेला तुला हरवलं," व्हर्ना म्हणायची.

यंदा मात्र हातांनी दगा दिला. एकाहत्तराव्या वर्षी बोटं आखडली, आणि मागच्या स्पर्धेत, सगळ्यांसमोर, तिला पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचता येईना. ती खेचल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही, आणि क्लबचा नियम असा की ज्याचं पिस्तूल त्यानंच भरायचं. नियम पाळायला लावणारा डेन्टन. लहानपणी तो व्हर्ना चालवायची त्या शाळेच्या बसमधून जायचा. दंगा करतो म्हणून तिनं त्याला वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं.

"मिस व्हर्ना, तुम्हीच सांगायचात ना, नियम म्हणजे नियम," तो कसाबसा म्हणाला. "रिव्हॉल्व्हर घ्या. स्लाइडची कटकटच नाही."

"एकोणीस वर्षांचा संसार मोडू म्हणतोस?"

पुढच्या स्पर्धेच्या यादीत त्यानं तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. ज्यांची खात्री नाही, त्यांची नावं तो तशी लिहायचा. घरी जाताना व्हर्नाला रडू आलं.

मग एका दुपारी ती काकडीच्या लोणच्याची बरणी उघडत होती. झाकण फिरवणं तिनं केव्हाच सोडलं होतं; झाकण नुसतं घट्ट धरायचं आणि बरणी फिरवायची. बरणी उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

"अगं बाई, बरणीला जमतं ते पिस्तुलाला का नाही जमणार?"

तीन आठवडे तिनं रिकाम्या पिस्तुलावर सराव केला.

शनिवारी तिनं पिस्तूल छातीजवळ घेतलं, त्याचं तोंड निशाणांकडे. डाव्या हातानं स्लाइड नुसती धरून ठेवली आणि उजव्या हातानं, सगळ्या अंगाचा जोर लावून, पिस्तुलाची मूठ पुढे ढकलली. खट्! गोळी चढली. निशाणाच्या सहा लोखंडी थाळ्यांपैकी पाच आडव्या झाल्या.

"सहावी राहिली की!" डेलबर्ट ओरडला.

"तुझ्यासाठी ठेवली रे."

डेन्टन डोळे पुसत हसला आणि पुढची यादी लिहायला बसला. व्हर्ना त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"ती पेन्सिल ठेव खिशात," ती म्हणाली.

त्यानं पेन काढलं आणि तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं.