कुरडईच्या चिकाची जेलीफिश

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन गावी आलो, तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पांझरेचा पूर. तरीही माझं मन समुद्रातल्या एका प्राण्यावर जडलं होतं. धुळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या कपाटात, एका बरणीत जेलीफिश होती. औषधाच्या पाण्यात राहून ती आकसली होती आणि भिजलेल्या पापडासारखी दिसायची. पण सर तिच्याविषयी बोलू लागले की आम्ही लिहून घ्यायचं विसरायचो. हिला हाड नाही, हृदय नाही, मेंदू नाही, अंगात जवळजवळ सगळं पाणीच. तरी ती पोहते, शिकार करते आणि कोट्यवधी वर्षं टिकून आहे. मेंदू नसताना एवढं जमतं हे ऐकून मला परीक्षेबद्दलही धीर आला होता.

मला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला पुण्याला जायचं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. नाना, म्हणजे माझे वडील, नाही म्हणाले नव्हते. पण बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची, आमच्या घरात शेवटचा शब्द आबांचा, म्हणजे नानांच्या थोरल्या भावाचा. पोरगा जनावरांचा डॉक्टर होतो आहे, असं आबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सुट्टीत लोक आजारी म्हशी घेऊन दारात यायचे. मी म्हशीच्या तोंडात पाहून गंभीरपणे मान हलवायचो. त्यातल्या काही बऱ्या झाल्या, त्यामुळे गैरसमज पक्का झाला.

आता खरं सांगणं भाग होतं. मी आबांना जेलीफिश समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दूध देते का, विचारलं. ओझं वाहते का, विचारलं. मग मुद्द्याचं विचारलं, तिला खातं कोण? आबांच्या हिशेबाने जगात प्रत्येक वस्तूला कोणीतरी खाणारा असलाच पाहिजे. कडबा बैल खातो, ढेप म्हैस खाते, पिकावरची कीड चिमण्या खातात.

सरांनी शिकवलेलं मी प्रामाणिकपणे सांगितलं. फारसं कोणी खात नाही. एक मोठं समुद्री कासव खातं. बाकी, माशांची पोटं फाडून पाहिली तरी त्यांत ती सापडत नाही. ती स्वतः पुष्कळ खाते, पण तिच्यापुढे अन्नसाखळीची वाट बंद.

आबा म्हणाले, "ना दूधनी, ना शेननी. नी एक कासवनाकरता तू पुन्याले जाशी?"

शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर गावची चार माणसं बसतील, तेव्हा त्यांच्यासमोर मी सांगावं. त्यांना पटलं तर पुणं, नाहीतर नांगर.

दुसऱ्या दिवशी घरी कुरडया होत्या. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक माय मोठ्या पातेल्यात शिजवत होती आणि शेजारच्या बाया सोऱ्या दाबून खाटेवर कुरडया घालत होत्या. शिजलेला चीक पाहिला आणि मला बरणीतल्या जेलीफिशची आठवण झाली. तसाच पारदर्शक, तसाच थरथरणारा. मी मायकडून वाटीभर मागून घेतला. वाटीत थिजवून पालथा घातला, तर सुरेख छत्री तयार झाली. सोऱ्यातून तिच्या लांब सोंडा काढल्या. पाणी भरलेल्या परातीत ती ठेवली तेव्हा एक बाई म्हणाली, "माय वं, हाई तं जित्ती शे." माझ्या शिक्षणाचं कोणी केलेलं ते पहिलं कौतुक. परात ओट्यावर ठेवून मी वर टोपली झाकली आणि अंघोळीला गेलो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. कुरडयांच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला चीक चाखल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्या दिवशी घरातला चीक कोणा एकाचा नसतो.

संध्याकाळी माणसं जमली. मी घसा साफ करून टोपली उचलली. परातीत नुसतं पाणी होतं.

कोणी खाल्ली म्हणून विचारलं, तर कोणीच नाही. मांजर म्हणावं तर परातीबाहेर पाण्याचा थेंब सांडलेला नव्हता. मी रडवेला झालो. मग मायने हळूच सांगितलं की मीठ बरोबर आहे का ते पाहायला तिने एक सोंड मोडली होती. शेजारच्या काकूने मायला मोडताना पाहिलं, म्हणून तिनेही एक घेतली. जमलेल्या माणसांपैकी दोघे खाली पाहू लागले. नानाही. राहिला प्रश्न छत्रीचा. सगळे आबांकडे पाहत होते, कारण त्यांच्या मिशीला तेल लागलेलं होतं आणि आमच्याकडे चीक तेल घालूनच खातात.

आबांनी उपरण्याने मिशी पुसली. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "खातस तं बठ्ठाज. सांगत कोनी नही."

मग त्यांनी विचारलं की त्या माशांची पोटं खाल्ल्याबरोबर फाडतात, की दुसऱ्या दिवशी? मी म्हणालो, ते सरांनाही ठाऊक नसावं.

"मंग जाय पुन्याले," आबा म्हणाले, "नी पाही ये."

पटलं म्हणून पाठवलं की पकडले गेले म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे जन्मभर मीही वर्गात हेच शिकवलं की जेलीफिशला फारसं कोणी खात नाही. आता शास्त्रज्ञ सांगतात की मासे, पक्षी, खेकडे, पुष्कळ जण जेलीफिश आणि तिच्यासारखे पाणीदार जीव खातात. मेलेली जेलीफिश तळाशी जाते, तिथेही तिला खाणारे असतात. ती पोटात इतक्या लवकर विरते की मागमूस राहत नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आबा नव्हते. मी गावी गेलो आणि मायला सांगितलं. ती म्हणाली, मीठ जरा कमीच होतं त्या दिवशी.