टकटकच्या बारा कात्र्या

कारखान्यातलं काम सुटल्यावरही टकटक सोळा वर्षं रोज दुपारी कामावर जात होता. जायचा तो झोपेत. जेवण झालं की खिडकीखालच्या खाटेवर आडवा व्हायचा. डोळा लागला की उजव्या हाताची बोटं मिटायची आणि ती मूठ गादीवर हलके आपटू लागायची. टक, टकटक, टक. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या असत. त्या मान न वळवता सांगत, "आज मोठ्या आल्यात. दहा इंची."

"कशावरून?" मी विचारायचो.

"लहानीला इतक्या जोरात मारत नाहीत, भावोजी."

त्याचं मस्टरवरचं नाव मला पाठ आहे, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिलं नसतं. कारखान्यात शिंप्यांच्या कात्र्या बनत. मी स्टोअरमध्ये होतो, आजही आहे. टकटक जोडणीवर होता. जोडणी म्हणजे दोन पाती स्क्रूने एकत्र करायची, एवढंच बाहेरच्यांना दिसायचं. खरं काम बाकाचं. कात्रीची दोन पाती एकमेकींना सपाट चिकटलेली नसतात. मिटलेली कात्री उजेडासमोर धरली तर मधून केसाएवढी फट दिसते, तो बाक. कात्री मिटत जाते तशी पाती फक्त एका ठिकाणी भेटतात, आणि ते ठिकाण स्क्रूपासून टोकापर्यंत सरकत जातं. बाक कमी पडला तर कापड पात्यांत दुमडतं. जास्त झाला तर कात्री चावते. हा बाक छोट्या हातोडीने ऐरणीवर ठोकून द्यायचा असतो आणि बरोबर झाला की नाही हे कानाने ओळखायचं असतं. टकटक कात्री कानापाशी नेऊन मिटायचा. आवाज आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखा आला की ती माझ्याकडे यायची.

मग एका वर्षी जहाजातून खोकी आली. त्या कात्र्या आमच्या निम्म्या भावात पडत होत्या आणि दिसायला आमच्याहून चकचकीत होत्या. मालकांनी वर्षभर दम धरला, मग चार लोकांनी केलं तेच केलं. जोडणीची शेड बंद झाली, तिथे खोकी रचली गेली. मी खोक्यांवर आमच्या नावाची पट्टी चिकटवू लागलो. कामगार पांगले. टकटकने सायकलला धारेचं चाक बसवलं आणि गल्लोगल्ली फिरू लागला. त्याच परदेशी कात्र्या त्याच्याकडे यायच्या. धार तो लावून द्यायचा, पण त्यांचं दुखणं धारेत नव्हतं. त्यांना स्क्रूऐवजी रिव्हेट ठोकलेलं असायचं, त्यामुळे पाती सुटी करून बाक देता येत नसे. "माणसाला नुसती पावडर लावून पाठवतोय, ताप तसाच," तो म्हणायचा. सोळा वर्षांत त्याने बाक दिला तो एकाच कात्रीला, वहिनींच्या. ती आमच्याच कारखान्याची होती. वहिनी तिला कोणाला हात लावू देत नसत. दर दोन-तीन महिन्यांनी टकटक ती उघडायचा, दोन-चार ठोके द्यायचा, आणि वहिनी डाव्या हाताने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवायच्या. वहिनी डावखुऱ्या. वाढणं, शिवणं, रागावून बोट दाखवणं, सगळं डाव्या हाताने.

मोठे मालक थकले आणि त्यांची मुलगी कामावर येऊ लागली. आम्ही त्यांना ताई म्हणतो. एक दिवस ताईंनी नवं खोकं उघडायला त्यातलीच एक कात्री घेतली. रिव्हेट निसटलं आणि दोन पाती दोन हातांत आली.

"काका, हे आपण इथे बनवत होतो ना?"

"बनवत होतो."

"मग थांबलो का?"

मला जे उत्तर ठाऊक होतं ते त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून मी फक्त पाती उचलून ठेवली.

ताई बोलून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन गल्ल्या पलीकडे एक भट्टी अजून धगधगत होती, तिथे गेटच्या बिजागऱ्या घडवत. त्या लोहाराकडे जुने साचे निघाले. पाती घडून आली, घासून झाली. राहिली जोडणी. आणि राहिलं गिऱ्हाईक. शहरातल्या शिवणकामाच्या कारखान्यांत ज्यांचा शब्द चालतो ते एक वयस्क कटिंग मास्तर आहेत. ताई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"बारा आणा," मास्तर म्हणाले. "बाराही नीट चालल्या तर पुढच्या वर्षभराच्या कात्र्या सगळे तुमच्याकडून घेऊ. माझी मोठी ऑर्डर या महिन्याअखेर बाहेर जाते, त्याच्या आत आणा. आणि ताई, आपली म्हणून मी एकदा घेईन. दुसऱ्यांदा कापते म्हणूनच घेईन."

म्हणजे बारा कात्र्यांवर शेड उघडायची की नाही ते ठरणार होतं.

मी टकटककडे गेलो. वाटलं होतं, उडी मारून येईल. तो खाटेवर बसून राहिला.

"भाऊसाहेब, हात गेला असेल तर?"

"गेला असेल तर कळेल."

"तेच तर. आत्ता निदान दुपारी तरी कामावर जातो. तिथे माझी एकही कात्री परत येत नाही. जागेपणी एकदा चुकलो की तेही दार बंद."

 वहिनींनी दातांनी दोरा तोडला. "सोळा वर्षं माझी गादी ठोकताय. कापूस पार एका कोपऱ्यात गेलाय. आता जरा लोखंड ठोका."

शेडमधली खोकी आम्ही एका बाजूला सारली. सकाळचं धुकं काचांना चिकटलेलं होतं आणि उजेड दुधात भिजल्यासारखा आत येत होता. फरशीवर जुन्या स्टुलांच्या पायांचे खळगे तसेच होते. टकटक आपल्या खळग्यांपाशी गेला, स्टुलाचे चार पाय त्यांत नेमके बसवले आणि बसला. मग त्याने पहिलं पातं ऐरणीवर ठेवलं. पहिला ठोका पडला तेव्हा मला दाराशी उभ्या उभ्या असं वाटलं की मधली वर्षंच गादीवर गेली होती आणि आता कुठे जाग येतेय. रिकाम्या शेडमध्ये त्या एका हातोडीचा आवाज भिंतींपर्यंत जाऊन परत यायचा. डोळे मिटले की जोडणीवरचे पूर्वीचे आठही जण बसल्यासारखे वाटायचे.

चार दिवस तो आला. दिवसाला तीन कात्र्या. संध्याकाळी त्या रुमालात गुंडाळून घरी न्यायचा, कारण कारखान्यात कापून बघायला कोणी उरलं नव्हतं. वहिनी चिटाच्या कापडाच्या चार घड्या करून त्या चालवून बघत. "लोणी," एवढंच म्हणत. तो सकाळी त्या परत आणून माझ्या टेबलावर ठेवी, तेव्हा चालायचासुद्धा वेगळा. मी माझं काम केलं. बारा बॉक्स, बारा पट्ट्या, यावेळी पट्टीवर खरं तेच लिहिलेलं. एकाही कात्रीने मी स्वतः काही कापून पाहिलं नाही. स्टोअरच्या माणसाला ते सुचत नाही.

ताई, टकटक आणि मी गेलो तेव्हा मास्तरांच्या लांब टेबलावर कापडाचा थर अंथरलेला होता. त्यांनी पहिली कात्री घेतली, खडूच्या रेषेवर ठेवली, मिटली. कापड कापलं गेलं, पण मास्तरांच्या मनगटाची शीर वर आली. दुसरी. तिसरी. पाचवीला ते थांबले.

"चावते," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांना बाक जास्त झालाय. माझ्या माणसांचे हात दुपारपर्यंत भरून येतील." मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, बॉक्स मात्र छान बांधलेत. बॉक्सने कापता आलं असतं तर बरं झालं असतं."

ताईंनी आठवडा मागून घेतला. मास्तरांनी होकारार्थी मान हलवली, पण नजर कॅलेंडरवर होती.  टकटकने दोन्ही हात खिशात घातले आणि घरी पोहोचेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दुपारी मी बारा कात्र्या घेऊन त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे.

"झोपले नाहीत," वहिनी हळूच म्हणाल्या. "काल रात्रीही नाही. गादी गप्प आहे, मला करमत नाही." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांचा आवाज चढला. "कोण म्हणतो चावते? इकडे आणा."

त्यांनी एक कात्री काढली. मशीनवर कोटाचं जाड कापड पडलं होतं. कात्री त्यातून अशी गेली की पाण्यावरून होडी जावी. तळाशी आवाजसुद्धा बदलला नाही. "हे चावणं? तुमच्या मास्तरांना दात आले असतील."

मी कात्री मागितली आणि शेजारचं वर्तमानपत्र उचललं.

"कागद नाही," दोघंही एकदम ओरडली. गेल्या चोवीस तासांत टकटकने काढलेला तो पहिला शब्द.

मी कापडाचा तुकडा घेतला. कात्री माझ्या हातात अडत, चावत, कुरकुरत मिटली. मी ती परत वहिनींना दिली, लोणी. मी घेतली, दगड. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी कात्रीकडे बघायचं सोडून वहिनींच्या हाताकडे बघितलं.

"वहिनी, जरा उजव्या हाताने कापा."

"उजव्या हाताने मला साधा दोरा तुटत नाही. विचारा यांना."

टकटक मात्र सरळ होऊन बसला होता. तो उठला, कात्री घेतली, रिकामीच दोन-तीनदा मिटली. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं, फक्त त्याच्या मागून. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजवा अंगठा ढकलतो, बोटं ओढतात, आणि त्या नादात पाती एकमेकींवर दाबली जातात. डाव्या हातात नेमकं उलटं होतं, पाती फाकतात. डावखुऱ्या माणसाला तीच कात्री चालवायची तर बाक जास्त लागतो. वहिनींच्या कात्रीला टकटकने तो दिला होता, दर दोन-तीन महिन्यांनी, थोडा थोडा, दोघांपैकी कोणीही त्याबद्दल एक शब्द न बोलता. सोळा वर्षांत त्याच्या हाताला तोच बाक बरोबर वाटू लागला. आणि तपासायला पुन्हा त्या कात्र्या गेल्या त्याच डाव्या हातात.

"म्हणजे हात गेला नाही," तो म्हणाला. "एकाच गिऱ्हाइकाकडे राहिला."

"गिऱ्हाईक कोणाला म्हणता?" वहिनी म्हणाल्या, पण त्या मशीनकडे तोंड करून बसल्या आणि दोरा ओवायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

खाटेखाली रुळाचा एक तुकडा होता, घरची ऐरण. टकटकने स्क्रू काढला, पातं पालथं ठेवलं, हलका ठोका दिला, पुन्हा जोडलं. "कापा, भाऊसाहेब. आणि बोलू नका." मी उजव्या हाताने कापत राहिलो. तो डोळे मिटून ऐकत राहिला. खिडकीतला उजेड कापडावरून सरकत सरकत खाटेवर गेला. कधी तो भुवई उंचावायचा, कात्री परत मागायचा. कधी नुसती मान डोलवायचा. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. चिंध्या गुडघ्यापर्यंत साठल्या होत्या आणि मला वाटत होतं की मी त्याच्या दुपारच्या झोपेत शिरलोय आणि तिथे मलाही एक स्टूल दिलेलं आहे.

अकरा झाल्या. बाराव्या कात्रीवर वहिनींनी हात ठेवला.

"ही अशीच राहू दे. माझी जुनी झिजलीय."

आम्ही अकराच घेऊन गेलो. मास्तरांनी एकेक चालवली. यावेळी ते कोणत्याच कात्रीला थांबले नाहीत. अकरावीने त्यांची खडूची रेषा संपली तरी ते कापत राहिले आणि मग आपणच बिचकून थांबले.

"बारावी?"

"विकली गेली," टकटक म्हणाला.

"कोणाला?"

"डावखुरं गिऱ्हाईक आहे. फार कटकटं, पण सोडत नाही."

"वर्षभराच्या तुमच्याकडून," मास्तर ताईंना म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडरवरची महिन्याअखेरची खूण खोडली.

शेडमध्ये आता पाच स्टुलं आहेत, बाकीच्या तीन जागांचे खळगे वाट बघतायत. शिकायला आलेल्यांत दोघी पूर्वी माझ्याबरोबर पट्ट्या चिकटवायच्या. तयार कात्री टकटक आधी माझ्या उजव्या हातात देतो, मगच बॉक्स.

मागच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे गेलो होतो. तो खिडकीखाली गाढ झोपला होता. उजवा हात गादीवर उघडा पडलेला, अगदी स्थिर.

"आज आवाज नाही, वहिनी?" मी विचारलं.

वहिनी नवी कात्री डाव्या हातात धरून कापत होत्या. "सुट्टीच्या दिवशी कोण कामावर जातं, भावोजी?" त्या म्हणाल्या.