फडताळातलं पुस्तक
फळीवरचा जुना, तेलकट कागद काढला की हिंग-हळदीचा वास येतो आणि पुण्याहून नागपुरात लग्न होऊन आलेली धाकटी काकू आठवते. माहेरून तिने पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात बघून पहिल्याच रविवारी तिने वरणात गूळ घातला आणि काय सांगू, पंगतीत बॉम्बच पडला! "वरणात गूळ काहून टाकला वं? आम्ही का बिमार आहो?" थोरली काकू कडाडली, घरदार खदखदून हसलं. दिवाळीच्या आवराआवरीत थोरलीने त्याच पुस्तकाची पानं फाडून फडताळात अंथरली आणि वर ओळीने डबे मांडले. "पाह्य वं, तुझं पुस्तक आलं कसं कामाले!" त्यानंतर कितीतरी दुपारी धाकटी एकेक डबा उचलून खालचं वाचताना दिसायची. फळीच्या मापाने कापलेल्या त्या पानांवर कृती निम्म्यातच तुटायची. वर्षभरात तिचा रस्सा असा जहाल झाला की पाहुणे घाम पुसत वाटी पुढे करायचे. "आता झाली तू नागपूरची!" थोरली म्हणाली, तेव्हा धाकटी स्वतःच्या ताटात नुसता दहीभात कालवत होती. हा किस्सा मी आजही झकास रंगवतो, थोरलीचा आवाज तर हुबेहूब काढतो. धाकटीचा काढायला तिचं एक वाक्यही आठवत नाही.