उभी ठेवलेली बाटली

हॉटेलात त्याला सगळे तळघऱ्या म्हणत. एकतीस वर्षं त्याने तळघरात वाइनची खोकी उतरवली. बावीस पायऱ्या, खांद्यावर बारा बाटल्यांचं खोकं आणि एक हात भिंतीला. खाली बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उजेड नको, ऊब नको, हिसका नको. नवा माणूस बाटली उभी ठेवून गेला, तर तळघऱ्या त्याला परत खाली बोलवायचा आणि त्याच्याच हाताने आडवी करून घ्यायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून चार बाटल्या फुटल्या. चारही त्याला तारखेनिशी पाठ होत्या.

स्वतः तो कधी प्यायला नाही. पण मुख्य वेटर जेवायला खाली येऊन बसायचा, त्यामुळे कशाबरोबर काय द्यायचं ते ऐकून ऐकून पक्कं झालं होतं. फ्रान्सची गोड पांढरी वाइन लोक केकबरोबर मागतात आणि तिथेच फसतात, असं वेटर म्हणायचा. केक जास्त गोड, मग वाइन पाणचट लागते. ती द्यावी निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर. खारटाने गोड उठतं, गोडाने खारट. मेलेली जीभसुद्धा जागी होते.

ते आता आठवायचं कारण, औषधांनी बायकोची जीभ मेली होती. सगळं मातीसारखं लागतं म्हणून ती दोन घासांत ताट सारायची. वजन आणखी उतरलं तर औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. थांबवल्यावर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. घोटभर वाइन चालेल का, एवढंच विचारलं. चालेल म्हणाले.

दोन बस बदलून तो चीज घेऊन आला. बायकोने हुंगून पाहिलं.

"पावाला बुरशी आली की घर डोक्यावर घेता, आणि ही विकत आणलीत?"

वाइन घरातच होती. निवृत्तीच्या दिवशी मालकाने दिलेली, तीच फ्रान्सची गोड पांढरी. आल्यागेल्याला दिसावी म्हणून बायकोने ती खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात ठेवली होती. उभी. सहा वर्षं तिच्यावर दुपारचं ऊन पडत होतं. तळघऱ्याला ते रोज दिसायचं. पण बायकोचा विरस कशाला करा, म्हणून तो आज बोलू, उद्या बोलू करत राहिला.

बुचाचा भुगा होऊन आत पडला. रंग उकळलेल्या चहासारखा. त्याने फडक्यातून गाळून थेंबभर चाखली. शिळी, आंबट. गोडाचा मागमूस नव्हता. पण बायको केस विंचरून, ग्लास पुढे करून बसली होती. त्याने ओतली.

तिने चीजचा तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला. बराच वेळ चघळत राहिली.

"माती," ती म्हणाली.

तेव्हा त्याने सांगून टाकलं. वाइन नासली आहे, दोष तिच्या जिभेचा नाही, त्याचा आहे. जन्मभर लोकांच्या बाटल्या आडव्या केल्या आणि घरची एक करवली नाही. दिव्याखाली अंधार, म्हणत ती हसलीसुद्धा. मग हसता हसता थांबली.

"अहो, पण चीज तर ताजं होतं ना?"

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. इतका खारट, की डोळ्यांत पाणी आलं.

"तेही बिघडलंय," तो म्हणाला.

तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बशी बाजूला सारली.